तिसरं टायटल

थोरलीच्या ऑफिसात एका व्हिडिओला तीन टायटलं लागत. दोनावर भागत नसे आणि चौथ्याला कोणी विचारत नसे. पहिल्यात आकडा हवा, दुसऱ्यात भीती हवी आणि तिसऱ्यात घरचं माणूस हवं, असा तिथला कायदा. समजा, व्हिडिओ साधा पाण्याची टाकी धुण्याचा आहे. मग पहिलं टायटल, ‘टाकी धुताना सगळे करतात या पाच चुका’. दुसरं, ‘टाकीच्या तळाशी जे दिसलं ते बघून पाण्याचा घोट उतरणार नाही’. आणि तिसरं, ‘आई रोज सांगायची टाकी धू, मी ऐकलं नाही... आणि मग एक दिवस’. त्या एका दिवशी काय झालं ते व्हिडिओत कुठेच नसायचं. ती आई कोण, हे व्हिडिओ करणाऱ्यालाही माहीत नसायचं. तिन्ही टायटलं कॉम्प्युटरमधल्या तीन चौकटींत भरायची. दिवसभर निरनिराळ्या लोकांना निरनिराळं टायटल दिसे, आणि ज्याच्यावर सगळ्यांत जास्त बोटं पडत ते आपोआप कायम होई. दहातल्या सात वेळा तिसरंच जिंकायचं. माणूस आकड्याला बधत नाही, भीतीला सरावतो, पण दुसऱ्याच्या घरात डोकवायला मिळणार म्हटलं की भरल्या ताटावरून उठतो.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” मोठे सर दर सोमवारी सांगायचे. “मूठ दाखवायची. बोटं उघडायची नाहीत.”

थोरली या कामात तरबेज होती. दिवसाला तीस-तीस व्हिडिओ उरकायची, म्हणजे नव्वद टायटलं. व्हिडिओ बघायला वेळ कुणाला? चार ओळींचा सारांश वाचायचा, एक चित्र बघायचं आणि बोटं चालवायची. दर महिन्याला भिंतीवरच्या फळ्यावर पहिलं नाव तिचंच असायचं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणायची, “तू ना, दगडालासुद्धा रडवशील.” थोरलीला ते आवडायचं. आपण पराचा कावळा करतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण कावळा चांगला उडतो याचं समाधान होतं.

तिचे बाबा चार गल्ल्या पलीकडे राहायचे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, मागे झोपायची खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सगळी गल्ली त्यांना मशीनवाले काका म्हणायची. हल्ली लोक कपडे शिवण्यापेक्षा विकत घेतात, त्यामुळे कधी कधी दोन-दोन दिवस दुकानाची पायरी कोणी चढायचं नाही. त्या रिकाम्या वेळात बाबांनी तीन वर्षांपूर्वी व्हिडिओ करायला सुरुवात केली. एका मोडक्या मशीनच्या हाताला फोन बांधायचा आणि त्याच्या खाली काम करायचं. व्हिडिओत फक्त त्यांचे हात दिसत आणि आवाज येई. नावं तर काय सांगावीत! ‘टाका सुटतो.’ ‘खालचा दोरा गुंततो.’ ‘पट्टा घसरतो, काळी मशीन.’ जगातल्या सगळ्यांत चांगल्या टायटलवालीच्या बापाने अशी नावं द्यावीत, म्हणजे न्हाव्याच्या घरात वाढलेली दाढी. बघणारे वीस नाहीतर पंचवीस.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. बाकीचे लोक व्हिडिओत ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणतात, ‘तुम्ही’ म्हणतात. बाबा ‘तू’ म्हणायचे. “हात हलका ठेव. घाई करू नकोस. हा स्क्रू सगळा काढायचा नाही, अर्धा फेराच सोड. बघ, दिसलं?” आणि मग थोडं थांबायचे, कोणीतरी मान हलवेपर्यंत थांबावं तसे.

कोणाशी बोलत होते ते थोरलीला ठाऊक होतं. धाकट्याशी.

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी तो याच दुकानात बाबांच्या हाताखाली काम करायचा. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मशीन त्याने बाबांना न विचारता खोलली आणि परत जुळवताना सुई खाली येण्याची वेळ चुकवली. सुई आतल्या लोखंडावर आपटली, दोरा पकडणारा आतला आकडा मोडला. बाईला दुसऱ्या दिवशी कपडे द्यायचे होते. ती रडायला लागली. बाबांनी धाकट्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि दुकानातल्या पाच गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “याच्या हाती मशीन म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आजपासून हात लावायचा नाही.” धाकटा नळावर गेला, साबण लावून कितीतरी वेळ हात धूत राहिला. महिन्याभरात तो परदेशी गेला. तिथे कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात लागला, आणि काम कोणतं, तर बिघडलेल्या शिलाई मशीन दुरुस्त करायचं. बापाशी बोलणं बंद ते बंदच. थोरलीला वर्षातून एकदा, तिच्या वाढदिवसाला, दोन ओळींचा मेसेज यायचा. बाबा लोकांना सांगायचे, “मोठ्या कंपनीत आहे. सुट्टीच मिळत नाही हो त्याला.”

आणि मग, व्हिडिओ सुरू झाल्यावर चार-पाच महिन्यांनी, एका व्हिडिओखाली एक ओळ आली. खात्याला नाव नाही, फोटो नाही, नुसते आकडे. ‘मिशी किती वाकवायची ते नीट दिसलं नाही.’ दोऱ्याला ताण देणारी एक बारीक वळलेली तार असते, तिला या घरात मिशी म्हणत. जगात तिघंच म्हणत. थोरलीने सुट्टीच्या दिवशी ती ओळ बाबांना वाचून दाखवली, कारण फोनवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नसत. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कोण ते तिनेही म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी नवा व्हिडिओ आला. नाव, ‘मिशी’. त्यात बाबांनी ती तार सात वेळा वाकवून दाखवली.

तेव्हापासून ते चालूच राहिलं. ‘मागच्या बाजूने दाखवा.’ बाबा मागच्या बाजूने दाखवायचे. ‘इथल्या मशीनला हा भाग नसतो.’ बाबा कुठून तरी तशी मशीन शोधून आणायचे. कधी नुसतं, ‘जमलं.’ त्या दिवशी बाबा रात्री दोन घास जास्त जेवायचे. अडीच वर्षांत एकसष्ट ओळी आल्या. ख्याली-खुशालीचा एक शब्द नाही, माफी नाही, सगळं स्क्रू, तेल आणि दोरा. पण त्यावर बाबा जगत होते, हे त्यांना बघणाऱ्या कुणालाही कळलं असतं.

हे सगळं थोरलीला माहीत होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला चूक म्हणावं की आणखी काही, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

झालं असं. एका सुट्टीच्या दुपारी ती दुकानात बसली होती. बाबा मागच्या खोलीत आडवे झाले होते, डोळा लागला होता. नवा व्हिडिओ चढवायचा होता आणि बाबांनी कागदावर नाव लिहून ठेवलं होतं, ‘जुन्या मशीनला तेल, आतून’. तिने आकडे पाहिले. मागच्या व्हिडिओला एकवीस. काय सुरेख हात चालतात माझ्या बापाचे, तिच्या मनात आलं, आणि आम्ही टाक्या धुणाऱ्यांकडे लाखो लोकांना बघायला लावतो. हजार लोकांनी पाहिलं तर दुकानात चार मशीन तरी येतील. तिचा हेतू चांगलाच होता. वाईट हेतूने एवढं वाटोळं क्वचितच होतं.

तिने तीन चौकटी उघडल्या. पहिलीत लिहिलं, ‘मशीनला तेल देताना ही एक जागा सगळे विसरतात’. दुसरीत, ‘असं तेल दिलंत तर मशीन कायमची गेली समजा’. तिसरी चौकट रिकामी राहिली. दोन टायटलं भरूनही काम झालं असतं, कोण विचारणार होतं? पण जित्याची खोड. तिसरी चौकट रिकामी दिसली की तिला दात घासायचे राहिल्यासारखं वाटायचं. घरचं माणूस हवं. बोटं आपली आपण चालली. ‘सहा वर्षांपूर्वी मुलगा रागावून घर सोडून गेला... हे बाबा रोज कॅमेऱ्यासमोर नेमकं कोणाशी बोलतात?’

तिने वाचलं. चांगलं होतं. फार चांगलं होतं. नुसती जागा भरायला ठेवू, जुन्या मशीनचा व्हिडिओ कोण बघतंय, आणि तेच वर आलं तर उद्या काढून टाकू, असं तिने ठरवलं. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, एका मोठ्या गिऱ्हाइकाचे चाळीस व्हिडिओ आले होते. ती बटण दाबून उठली. पुढचे तीन दिवस तिला डोकं वर काढायला फुरसत नव्हती.

चौथ्या दिवशी शेजारची मैत्रीण खुर्ची सरकवत आली. “हे बघ ना. कोणाचं टायटल असेल गं? आपल्याला का नाही सुचत असलं?” तिच्या फोनवर बाबांचे हात होते. खाली आकडा, चार लाख.

लाज वाटण्याआधी थोरलीला आनंद झाला. हे लपवण्यात काही अर्थ नाही. क्षणभर तिला फळाच दिसला, आणि त्यावर आपलं नाव. मग तिने खालच्या प्रतिक्रिया वाचायला घेतल्या. ‘असल्या मुलापेक्षा मूल नसलेलं बरं.’ ‘अरे नालायका, बाप म्हातारा झाला, लाज वाटत नाही का?’ ‘काका, आम्ही आहोत तुमची मुलं.’ ‘कोणाला ओळखीचा असेल तर त्याचं नाव सांगा, बघून घेतो त्याला.’ हजारोंनी होतं. तिने तिथल्या तिथे टायटल बदललं, बाबांनी कागदावर लिहिलेलं घातलं. पण सांडलेलं पाणी भरता येत नाही. लोकांनी तो व्हिडिओ कापून आपापल्या पानांवर टाकला होता, तिचंच टायटल लावून.

संध्याकाळी ती दुकानात पळत गेली. दुकानात खरंच चार मशीन आल्या होत्या. एक अनोळखी बाई बाबांचा हात हातात घेऊन सांगत होती, “येईल हो काका तो. देव बघतोय सगळं.” बाबा तिच्याकडे न बघता पावती लिहीत होते. इतकी वर्षं ज्या माणसाने गल्लीला ‘सुट्टी मिळत नाही’ एवढंच सांगितलं, त्याच्या दारात आता गल्लीच काय, सगळं शहर सांत्वनाला उभं होतं. बाई गेल्यावर ते म्हणाले, “त्याचं काही आलंय का बघ.”

थोरलीने फोन घेतला. नव्या व्हिडिओखाली त्याचं काही नव्हतं. तिने आधीचा उघडला. तिथे ‘तेल किती थेंब?’ असं होतं, तिला चांगलं आठवत होतं. आता नव्हतं. तिने ‘मिशी’ उघडला, त्याच्या आधीचा उघडला, एकेक करत सगळे उघडले. धाकट्याने खातंच बंद केलं होतं. खातं गेलं की त्याने लिहिलेलं सगळं जातं. एकसष्ट ओळी होत्या, त्यातली एक उरली नव्हती.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“काही नाही आलेलं.”

“जुनं एखादं वाच.”

तिला वाचता येईना. बाबा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. त्या आठवड्यात त्यांनी व्हिडिओ केला नाही, पुढच्याही नाही.

थोरली धाकट्याला रोज फोन लावायची. तो उचलत नव्हता. वीस-बावीस दिवसांनी एका दुपारी, ती ऑफिसच्या जिन्यात उभी असताना, त्याचाच फोन आला. मागे कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीचा गलका ऐकू येत होता. सहा वर्षांनी तिने त्याचा आवाज ऐकला.

“ताई, ते तू लिहिलंस ना?” तो म्हणाला.

“हो.”

“वाटलंच. इथे आपल्याकडची पंधरा-वीस मुलं आहेत. सगळ्यांनी बघितलं. मी जेवताना नेहमी बाबांचे व्हिडिओ लावायचो ना, त्यांना आवाज पाठ आहे. त्यांना वाटायचं, असाच कोणीतरी मिस्त्री आहे. आता कळलं. मी सांगायचो, मला सुट्टी मिळत नाही म्हणून घरी जात नाही.”

थोरली जिन्यावर बसली. “मी काढून टाकलं रे. चुकले मी. तू शिव्या घाल मला.”

“शिव्या कशाला घालू? खोटं काय होतं त्यात?” तो म्हणाला. “मी यायचं ठरवलं होतं गं. रजेचा अर्जसुद्धा दिला होता. कुणाला सांगणार नव्हतो. सरळ दुकानात येऊन बाकावर बसलो असतो, एखादी मशीन ओढून घेतली असती. ते काही बोलले नसते, मी काही बोललो नसतो. झालं असतं.”

“मग ये ना. अजून ये.”

“आता कसा येऊ? आता आलो तर चार लाख लोकांनी लाथ घालून पाठवला म्हणून आलो, असं होईल. बाबांनासुद्धा आयुष्यभर तसंच वाटेल.”

“नाही वाटणार त्यांना. मी सांगते ना.”

“तू काही सांगू नकोस ताई,” तो म्हणाला. रागाने म्हणाला नाही, नुसता दमल्यासारखा. “अर्ज मागे घेतला मी. बरं, भोंगा झाला. ठेवतो.”

त्यानंतर तो नंबर लागला नाही.

संध्याकाळी ऑफिसातून दुकानापर्यंत चालताना थोरलीच्या डोक्यात बाबांना सांगायच्या गोष्टी तयार होत होत्या. त्याला रजा मिळत नाहीये, मिळाली की येतो म्हणाला. बाबांची फार आठवण येते म्हणाला. रडला बिचारा फोनवर. एकाहून एक सरस, आणि तिन्हींवर बाबांनी विश्वास ठेवला असता. शेवटच्या गल्लीत शिरताना तिला स्वतःचीच किळस आली.

बाबा एका मशीनचा पट्टा बदलत होते. ती समोरच्या बाकावर बसली.

“त्याचा फोन आला होता,” ती म्हणाली.

बाबांनी पट्टा हातातच धरून ठेवला.

“त्याआधी एक सांगायचंय. ते नाव मी लिहिलं होतं.”

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. आपल्या घरातलं बाहेर कुणाला माहीत होतं?” एवढे दिवस ते तिला चहा देत होते, छत्री घेऊन जा म्हणत होते, आणि त्यांना माहीत होतं. थोरलीला रडू फुटलं. बाबांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, “काय म्हणाला तो?”

“बाबा, त्याच्या मनात ना तुमच्याबद्दल...”

“तसं नको. तो जे बोलला ते तसंच्या तसं सांग. तुझं काही घालू नकोस.”

तिने डोळे पुसले आणि सांगितलं. मुलांनी व्हिडिओ पाहिला ते सांगितलं, सुट्टी मिळत नाही म्हणायचा ते सांगितलं. ते ऐकताना बाबा किंचित हसले, कारण तेही तेच म्हणायचे. मग रजेचा अर्ज, बाक, ओढून घेतलेली मशीन. मग चार लाख लोक. त्यातली लाथही तिने गाळली नाही.

“मला नसतं तसं वाटलं,” बाबा म्हणाले.

“मी म्हटलं त्याला.”

“मग?”

“अर्ज मागे घेतला म्हणाला. भोंगा झाला, ठेवतो म्हणाला. आता फोन लागत नाही.”

बाबांनी पट्टा मशीनवर ठेवला. बाहेर कोणीतरी सायकल लावत होतं, त्याचा आवाज झाला, मग तोही थांबला.

“बाकावर बसलो असतो म्हणाला?”

“हो.”

“आणि मशीन ओढून घेतली असती.”

“हो, बाबा.”

“कसं म्हणाला ते? पहिल्यापासून सांग. तिथपर्यंतच सांग, पुढचं नको.”

थोरलीने सांगितलं. “मी यायचं ठरवलं होतं गं. रजेचा अर्जसुद्धा दिला होता. कुणाला सांगणार नव्हतो. सरळ दुकानात येऊन बाकावर बसलो असतो, एखादी मशीन ओढून घेतली असती.”

बाबांनी डोळे मिटले होते. ती थांबली तरी त्यांनी ते उघडले नाहीत.

“अजून एकदा,” ते म्हणाले.

आणि थोरलीने एकही शब्द न बदलता ते परत पहिल्यापासून सांगायला घेतलं.